आवाज बदलताना

चिकटपट्टी तिनं दातांनीच ओढली. कात्री शोधायलाही धीर नव्हता. कामाच्या टेबलावरचा भुसा कोपरानं बाजूला सारून तिनं खोक्यातली वस्तू अलगद बाहेर काढली. विटेएवढा काळा डबा, त्यावर दोन पायबटणं, तीन गोल खुंट्या आणि बोटभर स्क्रीन.

"हे काय आणलंस?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गिटारचं मल्टी-इफेक्ट्स पेडल. एवढ्याशा डब्यात साठ आवाज आहेत, बाबा! वर चाळीस ताल."

बाबांनी नखानं टकटक करून पाहिलं. "प्लॅस्टिक. कुणाचा पाय जोरात पडला, की साठाचे एकशेवीस होतील."

ती हसली. गेला आठवडाभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासताना तिनं बाबांची अशी वाक्यं मनातल्या मनात ऐकली होती आणि एकेकाला उत्तरही तयार ठेवलं होतं. बाबा नावं ठेवत असले, म्हणजे निदान बोलत तरी असतात. एरवी गिटारचा विषय निघाला, की बाबा रंधा उचलायचे आणि त्या खरखरीत समोरच्याचं बोलणं विरून जायचं. तीन वर्षांपूर्वी करवतीच्या यंत्रानं त्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं पहिल्या पेरापाशी तोडली. जखम भरली, दारं-खिडक्यांची कामं पुन्हा सुरू झाली. रविवारची ऑर्केस्ट्रातली गिटार मात्र तेव्हा थांबली ती थांबलीच.

"मीच वाजवते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त ऐका."

नव्या तारा लावून आणलेली गिटार तिनं मांडीवर घेतली, जुन्या स्पीकरची वायर डब्यात खुपसली आणि पहिल्याच आवाजावर जोरात हात मारला. वर्कशॉप दणाणलं. पत्र्यावरचं कबुतर उडालं.

"अगं, हा काय आवाज आहे? डबीत कोंडलेला भुंगा!" बाबा ओरडले. पण ओरडता ओरडता खाली वाकून त्यांनी एक खुंटी निम्म्यावर आणली. "आणि ही मागची घरघर ऐकतेस ना? अ‍ॅडॉप्टर हलक्यातला आहे. स्क्रीन तर उजेडात दिसतही नाही."

"पण हेडफोन लावता येतो. तारा जुळवून देतं. आणि वजन बघा, पिशवीत टाकलं की निघालं."

"हं."

तिनं बटण दाबलं. पुढचा आवाज प्रतिध्वनीचा होता. एक तार छेडली, आणि तो सूर पुन्हा आला, मग पुन्हा, दर वेळी थोडा विरत. बाबांचा रंध्याकडे निघालेला हात वाटेतच थांबला.

"परत वाजव."

तिनं वाजवलं.

"घाई करतेस. त्याला परत येऊ दे, मग पुढचा सूर. असं नाही गं... आण इकडे."

तिनं गिटार दिली आणि उगाचच खोक्यातलं पुस्तक उघडून वाचू लागली. वाचत काहीच नव्हती.

बाबांनी एक सूर वाजवला. तो फिरून येईपर्यंत त्यांची शाबूत बोटं सावकाश पुढच्या जागी पोचली. दुसरा सूर. तोही घुमत राहिला आणि बोटांना पुन्हा तेवढीच उसंत मिळाली. जिथं पूर्वी चार बोटं धावायची तिथं दोनच चालत होती, पण मधली जागा डबा भरत होता. बघता बघता सुरांची साखळी झाली, मग तिची चाल झाली. बाबांच्या मानेची शीर फुगली. कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला, ते त्यांना कळलंही नाही.

"ताल लाव!"

"कुठला?"

"कुठलाही लाव, पण लवकर!"

तिनं धांदलीत नको ते दाबलं, संथ तालाऐवजी भलताच पळता ताल सुरू झाला, आणि बाबा खो खो हसत त्याच्यामागे धावले. आवाज ऐकून आई घरातून ओल्या हातांनीच आली आणि दारात उभी राहिली.

चाल ऐन रंगात असताना बाबांनी पायानं बटण दाबलं, आणि सगळं क्षणभर तुटलं. मग नवा आवाज उमटला. ते थांबले.

"हे काय? मध्येच खड्डा पडतोय."

"हो, एवढं मात्र आहे," तिनं कबूल केलं. "आवाज बदलताना पटकन गप्प होतं. स्वस्तातलं आहे ना. पण घरात काय फरक पडतो?"

"घरात नाही पडत." बाबा पायबटणाकडे पाहत होते. "स्टेजवर लोकांना कळेल. ड्रमवाल्याला तेवढी जागा भरावी लागेल."

आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी लगेच नजर दुसरीकडे वळवली.

"आपल्या ड्रमवाल्याचा नंबर बदललाय का गं?" बाबांनी आईला विचारलं.

"नाही. दर महिन्याला फोन करतो तो. तुमची चौकशी करतो."

बाबांनी मान हलवली. पुन्हा सूर छेडला, पुन्हा बटण दाबलं, आणि मधली शांतता टाचेनं मोजली.

"खड्डा तसा मोठा नाही," ते म्हणाले. "एका ठोक्याचा आहे."