गोरज

पत्रिकेत गोरज मुहूर्त छापला होता, सहा बावन्नचा. सहा चाळीसला पिंकीने आतून निरोप धाडला, "मामा आल्याबिगर मी बाहेर येनार न्हाई."

निरोप विठ्ठलगुरुजींनी ऐकला. नात चुकीचं बोलत नव्हती. बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची; पुढे वाढवलं ते दयानंदमामाने. बोहल्यावर तिच्या पाठीशी उभं राहायचा मान त्याचाच. पण उरवड्याच्या कारखान्याने लग्नादिवशीही त्याला अर्धी पाळी भरायला लावली होती. पाचला त्याचा फोन आला होता, "रस्त्यात ट्रक उलटलाय. डोंगरातनं चालतच निघतो." त्यानंतर फोन लागला नव्हता.

मांडवाच्या दारात नवरदेवाचे चुलते हैबतराव मनगट डोळ्यांपुढे धरून उभे होते.

"गुरुजी, कुनीबी पावना उभा करा मागं. येळ टळली तर वऱ्हाड माघारी. आमच्या थोरल्याच्या लग्नात येळ चुकली, पुढं काय झालं ते सगळ्या बावधनाला ठावं हाय."

गुरुजींनी वाद घातला नाही. चाळीस वर्षं भरेगावच्या शाळेत त्यांनी जे केलं तेच केलं. पुढच्या सतरंजीवर अक्षता उधळत बसलेल्या पोरांना विचारलं, "गोरज म्हणजे काय रे?"

"मुहूर्त!"

"ते झालंच. पण शब्द आला कुठून? गो म्हणजे?"

"गाय!"

"आणि रज म्हणजे धूळ. घरोघरी घड्याळं नव्हती तेव्हा संध्याकाळ कशी कळायची? गाई रानातून परतायच्या, खुरांनी धूळ उडायची. ती वेळ म्हणजे गोरज."

"आमाला शिकवताय व्हय?" हैबतराव गुरगुरले. "धा गाई हुत्या आमच्या दावनीला."

"मग तुम्हीच सांगा. गाई दिसल्याशिवाय गोरज म्हणाल?"

हैबतरावांनी भटजींकडे पाहिलं. भटजी म्हणाले, "सूर्यास्ताच्या मागेपुढे घटकाभर चालतं."

"बरं. पर गाई वेशीत आल्या की क्षनभर थांबायचं न्हाई. शबुद द्या."

गुरुजींनी शब्द दिला आणि दिल्यादिल्या डोंगराच्या वाटेकडे पाहिलं. जमिनी विकल्यावर गावात गुरं उरली होती ती एकट्या नथूची. तो कधी सातला परते, कधी त्याआधीच.

सहा बावन्न झाले. सनईवाला वाजवायचा थांबला. सगळं वऱ्हाड डोंगराच्या वाटेकडे बघत होतं.

घुंगुरमाळा वाजल्या. वळणावर धूळ उठली.

"आल्या," हैबतराव म्हणाले. "आता?"

गुरुजी खोलीच्या दाराशी गेले. "पोरी, शब्द दिलाय मी."

पिंकी उठली. मुंडावळ्यांआडून तिने एकदाच विचारलं, "आजोबा, थोडंबी न्हाई का?"

त्यांनी मान हलवली. तिला धरून ते मांडवात आले. भटजींनी अंतरपाट उलगडला.

एवढ्यात वेशीपाशी नथू ओरडला, "अवं थांबा! मानूस हाय ह्यात!"

गाईंच्या मधून, एका कालवडीच्या पाठीवर हात टेकत, एक माणूस लंगडत येत होता. चप्पल तुटलेली, नवा सदरा मातीने लाल, पापण्यांवरही धूळ.

"मामा!" पिंकी ओरडली.

दयानंद मांडवाच्या दारात थबकला, ओशाळून सदरा झटकू लागला. "दोन मिन्टं. अंगावर पानी घेतो."

हैबतरावांनी त्याचा हात धरला. "झटकू नगा," ते म्हणाले. "मुहूर्त हाय त्यो. तसंच उभं ऱ्हावा."