चकती हातातच होती

मी नासाऊच्या एका कॅसिनोत रूलेटचं चक्र फिरवते. बारा वर्षं झाली, पण स्वतःसाठी एकदाही फिरवलेलं नाही. आमच्या बहामात कायदाच तसा आहे: कॅसिनोत राबायचं इथल्यांनी आणि खेळायचं पाहुण्यांनी. इथला माणूस टेबलावर पैजेची चकती लावताना सापडला तर तो गुन्हा. मला या कायद्याचा कधी राग आला नाही. रोज लोकांचे चेहरे उतरताना बघणाऱ्या बाईला कसला राग येणार?

राग यायचा तो हेझकाया मामाला. खरं तर त्याला कायदा लागूच नव्हता. विशीत तो मायामीला गेला, तिथला नागरिक झाला आणि मामी गेल्यावर, चाळीस वर्षांनी, आईकडे राहायला आला. पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणजे कायद्याच्या लेखी पाहुणा. रोज दुपारी फुलाफुलांचा शर्ट चढवून तो नेमका आमच्याच कॅसिनोत जुगाराच्या मशीनपुढे ठाण मांडायचा. मी लांबून बघायचे आणि ओळख दाखवायचे नाही. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत त्याचं अर्धं पेन्शन त्या मशीनच्या पोटात गेलेलं असायचं.

"सगळी बेटं पालथी घातलीत मी," जेवताना तो ऐकवायचा. मामी गेल्यावर त्याने जहाजाच्या सहलींचा सपाटाच लावला होता. "सांतो दोमिंगोत घरचे आणि पाहुणे एकाच टेबलावर बसून हरतात. केमनवाले सोवळ्यातले, त्यांच्याकडे कॅसिनोच नाही. आणि तुम्ही? स्वयंपाक तुम्ही करायचा, जेवायचं दुसऱ्यांनी!"

"आपल्याला पचत नाही, म्हणून पाहुण्यांना वाढतो," आई म्हणायची.

याहून जास्त वाद तिने कधी घातला नाही. त्याऐवजी आठ महिने ती सरकारी कचेरीत खेटे घालत राहिली. मामासाठी कायम रहिवासाचा कागद हवा होता तिला. मामाला वाटलं, बहिणीची माया. माया होतीच, पण एकदा मासा साफ करता करता ती मला हळूच म्हणाली, "कागद आला की कायद्यानेही हा इथला झाला. मग बसून दाखव म्हणावं त्या मशीनपुढे!"

सोमवारी कागद आला. मामाने तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आयडा, लबाड कुठली! बरोबर पकडलंस मला."

"हो, पकडलं," आई म्हणाली आणि त्याच्या ताटलीत पेरूचा डफ, आमचं उकडलेलं गोड पक्वान्न, वाढला.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता हा पठ्ठ्या माझ्या टेबलाशी हजर! टोपी डोळ्यांवर ओढलेली, तोंडात च्युइंगम, काउंटरवर अमेरिकन पासपोर्ट दाखवून घेतलेली एकच चकती हातात. शेवटचं एकदा, तेही मशीनवर नाही तर ऐटीत टेबलावर, असा त्याचा बेत मला त्याच्या चेहऱ्यावरच दिसला. पकडला गेला असता तर कालचा कागद रद्द झाला असता आणि मामाला खेळू दिलं म्हणून माझी नोकरीही गेली असती. मी डोळे वटारले. त्याने साफ दुर्लक्ष केलं.

पण मशीन वेगळं आणि टेबल वेगळं. टेबलाभोवती पाच माणसं बसली होती. आमच्याकडे चार माणसं दिसली की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, मगच पुढचं पाऊल टाकायचं. न म्हणणाऱ्या पोराला जागच्या जागी धपाटा मिळतो. आजोबांचे धपाटे मामाने भरपूर खाल्ले होते. त्याने टोपी काढली आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाला, "गुड मॉर्निंग!"

पाच पाहुण्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. मान वळवली ती आमच्या सुपरवायझरनी, लाइटबोर्न साहेबांनी. ते सावकाश चालत आले.

"गुड मॉर्निंग," ते म्हणाले, आणि आमच्याकडे अनोळखी माणसाला जे विचारतात तेच त्यांनी विचारलं, "कुणाचे तुम्ही?"

मामाचा हात सत्तावीस आकड्याच्या वर थांबला होता. सत्तावीस म्हणजे मामीची जन्मतारीख. 'मायामीहून आलोय' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"थिओफिलस मॉक्सीचा मुलगा, अँड्रॉस बेटाचा!" मामा छाती फुगवून म्हणाला. "आयडामेचा भाऊ. कालच कागद आला, आता मी इथलाच!"

बोलून गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आयडामे म्हणजे आपल्या व्हर्लीनची आई ना?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हर्लीन, चकती कुठे आहे? टेबलावर की हातात?"

"हातात, सर."

"खाली टेकली होती?"

"नाही, सर."

त्यांनी छतातल्या कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली. "मग काहीच झालेलं नाही. मॉक्सी, ती चकती काउंटरवर परत करा. पुन्हा इथे हात पुढे केलात, तर कुणाचे ते मी विचारणार नाही. आणि आयडामेला विचारलं म्हणून सांगा."

मला इतकं हलकं वाटलं की मी चक्र फिरवायचंच विसरले.

संध्याकाळी वाटलं, मामा तोंड पाडून बसला असेल. तो पायरीवर बसून उरलेला डफ चापत होता.

"सुटलो गं बाई," तो म्हणाला. "मला स्वतःहून उठता येत नव्हतं. चाळीस वर्षं मायामीत लिफ्टमध्ये शिरताना गुड मॉर्निंग म्हणायचो. बायका पर्स छातीशी धरायच्या. तुझी मामी गेल्यावर तर घरातही उत्तर देणारं कुणी उरलं नाही. ते मशीन निदान टणटण तरी करायचं."

मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्याच ताटलीतला एक घास खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा तो माझ्याबरोबर बसमध्ये चढला. पायरीवरूनच ओरडला, "गुड मॉर्निंग!" अख्ख्या बसने उत्तर दिलं, ड्रायव्हरनेसुद्धा. खिडकीजवळच्या एका म्हातारीने चष्मा वर करून त्याला न्याहाळलं. "कुणाचा रे तू?" मामा तिच्या शेजारी बसला आणि पणजोबांपासून सुरुवात केली. माझा थांबा मागे गेला तरी मी त्याला थांबवलं नाही.