युक-हिंगचा अंबाडा

आमच्याकडे अंबाडा बांधलेल्या बाईनं बापाच्या किंवा भावाच्या घरात मरायचं नसतं. लग्न न करण्याची शपथ घ्यायची, वेणी सोडून अंबाडा घालायचा, गिरणीत उकळत्या पाण्यातल्या कोषांतून रेशीम काढायचं, आणि शेवटी आमच्यासारख्या बायकांनी मिळून बांधलेल्या घरात डोळे मिटायचे. हा नियम ज्यानं केला त्याला बहीण नसावी.

युक-हिंगनं आणि मी सतराव्या वर्षी एकाच सकाळी देवळात अंबाडे बांधले. तिचे केस मी विंचरले, माझे तिनं. पुढं बावीस वर्षं गिरणीत शेजारी शेजारी बसलो. मग तिची भावजय तीन पोरं मागं ठेवून गेली आणि भाऊ चिऊ रडत आला. ही निघाली.

"अगं, त्याला दुसरी बायको मिळेल. तुला इथली जागा परत मिळायची नाही," मी म्हटलं.

"पोरं काय खातील, लुन?"

बायकांच्या घरातल्या पाटीवरून तिचं नाव पुसलं गेलं. नऊ वर्षं तिनं ती पोरं वाढवली. आणि या वसंतात तिच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. दोन-तीन दिवस, असं वैद्य म्हणाला, तेव्हा चिऊ माझ्याकडे आला.

"लुनताई, पुढच्या महिन्यात थोरल्याचं लग्न आहे. तिला तुमच्याकडे न्या."

"थोरला म्हणजे तिनं मांडीवर घेऊन भरवला तोच ना?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, याचा अजून राग येतो.

आमच्या घरातल्या सगळ्यांत वडील लुक-गू. मी त्यांचे पाय धरले. "माझी खाट तिला द्या. मी अंगणात झोपते."

"प्रश्न खाटेचा नाही, पोरी." मी अठ्ठेचाळीस वर्षांची, तरी पोरीच. "पाटीवर जिचं नाव नाही तिला इथं मरता येत नाही. आज तिला घेतलं तर उद्या कुणाकुणाला नाही म्हणू?" त्याही रडत होत्या. त्या रडण्याचा मला काय उपयोग?

शेवटी चिऊनंच वाट काढली. पलीकडच्या गावात फान नावाच्या घरातला मुलगा तळ्यात बुडून मेला होता. मेलेल्याच्या नावाची पाटी घरात पुजतात; त्याच्या पाटीशेजारी बायकोची पाटी ठेवायला त्यांना सून हवी होती. त्या मेलेल्या मुलाशी लग्न लावलं की युक-हिंगला मरायला सासर मिळणार होतं. मरायला टेकलेली सून तर त्यांना सोयीचीच, खायला घालावं लागत नाही.

नवरीचे केस बांधायला ती दुसऱ्या कुणालाही हात लावू देईना. म्हणून अंबाडा मीच सोडला. केस मूठभरच उरले होते.

"किती वर्षांचा आहे गं तो?" तिनं विचारलं.

"एकोणीसचा होता."

"अगंबाई, मी त्याची आई शोभेन." हसता हसता तिला खोकला आला. मग म्हणाली, "लुन, तिकडे गेल्यावर मी फानांची होणार. तुझ्या पाटीशेजारी माझी पाटी नाही लागायची."

"बोलू नकोस. दम लागतो."

याहून चांगलं काही मला सुचलं नाही. काय सुचणार होतं?

पालखीतून तिला नेलं. मी बाजूनं चालत होते, पडद्यातून तिचा हात धरून. फानांच्या दारात तिला कोंबड्यासमोर बसवलं. नवरा नसला की त्याच्या जागी कोंबडा धरतात. ती वाकली. मग दोघांनी उचलून आत नेलं. मी मागोमाग पाऊल टाकलं, तर तिच्या नव्या सासूनं हात आडवा केला.

"तुम्ही कोण?"

"मैत्रीण."

"आता घरचेच फक्त," ती म्हणाली. वाईट बाई नव्हती. तिनं मला बसायला स्टूल दिलं, चहाही पाठवला.

संध्याकाळपर्यंत मी दाराबाहेर बसले होते. आतून युक-हिंगनं दोनदा माझं नाव घेतलं. दोन्ही वेळा सासू तिला म्हणाली, "हो, मी इथंच आहे."