नातेवाईक बाहेर

आमच्या दवाखान्यात गर्भपाताआधी बाईची संमती घ्यायची खोली एवढीशी. टेबल, दोन खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. तिथून मी अठरा वर्षं सासवा, नवरे, आया सगळ्यांना बाहेर काढत आलेय. "तिची मर्जी, तिची सही. कायदा आहे, चला!" एकदा एक सासरेबुवा हटेचनात, तर त्यांची छत्रीच उचलून बाहेर नेऊन ठेवली. गेले बिचारे मागोमाग. माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

परवा माझी धाकटी बहीणच आली. दोन मुलं आहेत, तिसरं नको. नवरा म्हणाला, तू ठरव.

आणि मला एकही नाही. बारा वर्षं उपचार केले, हाती काही लागलं नाही. आदल्या दिवशी फोनवर मी तिला म्हणून बसले, "नऊ महिने कळ काढ गं. मला दे, मी वाढवते." ती म्हणाली, "बघू, ताई." तेवढ्यावर मी नावसुद्धा ठरवलं. लाज वाटते सांगायला.

फॉर्म घेऊन तिच्यासमोर बसले, तोच माझ्या हाताखालची नर्स दारात उभी.

"सिस्टर, तुम्ही यांच्या बहीण ना?"

"मग?"

"नातेवाईक बाहेर. तुम्हीच शिकवलंय."

अस्सा संताप आला! माझ्याच खोलीतून मला हाकलतेय! पण धाकटीची मान खाली होती. लहानपणापासून ती माझ्या शब्दाबाहेर नाही. मी नुसती समोर बसून राहिले असते, तरी तिचा हात सहीला उचलला नसता. हे ठाऊक होतं, म्हणून तर उठवेना. शेवटी उठले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर कुणाची तरी आई बसली होती. "तुम्हालाही काढलं?" म्हणाली.

"हो ना," म्हटलं, आणि रडू आवरेना. मला ते मूल हवं होतं हो. अजूनही हवंय.

थोड्या वेळाने धाकटी आली, शेजारी टेकली.

"केली सही. तू आत असतीस ना ताई, तर मला नाही म्हणता आलं नसतं."

"माहितीये. म्हणूनच उठले."

माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिच्या पोटाकडे बघायचं नाही, असं बजावलं होतं स्वतःला. तरी बघतच होते.