क्रेहेनाउंची उलटी ढाल

मी एक जुनी ढाल आहे. पण मित्रांनो, तलवारीचा एकही वार मी झेललेला नाही. मी मऊ लाकडाची, रंगवलेली, नुसती मिरवायची ढाल. माझ्या पिवळ्या अंगावर एक काळा कावळा कोरला आहे. कोरणाऱ्या सुताराला कोंबड्याच जास्त ठाऊक असाव्यात, कारण गावातली पोरे मला पहिल्या दिवसापासून कोंबडी म्हणत आली.

लाम्बर्ट नावाचा एक खेचरवाला मूर नदीच्या खोऱ्यातून मीठ वाहून न्यायचा. एकदा ड्यूकची माणसे डोंगरातल्या दाट धुक्यात वाट चुकली. लाम्बर्टने कावळ्यांच्या ओरडण्याचा माग धरला आणि त्यांना सुखरूप गावात आणले. ड्यूकने खूश होऊन त्याला जमीन दिली, घराण्याची ढाल म्हणून मला त्याच्या हाती सोपवले आणि नावात सरदारकीचे 'फॉन' लावायचा मान दिला. काल खेचरे हाकणारा गडी लाम्बर्ट फॉन क्रेहेनाउ, म्हणजे कावळ्यांच्या कुरणाचा धनी, झाला. लोक पाठीमागे हसले आणि समोर टोपी काढू लागले.

पुढची सव्वाशे वर्षे माझी चैन होती. लग्नात, बारशात मला तेल लावून पुढे ठेवत. मात्र घरातला पुरुष गेला की त्याच्या शवपेटीपुढेही मलाच नेत. पहिल्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला, नंतर नंतर धडकी भरू लागली. एक मुलगा तुर्कांशी लढताना पडला, दोघे साथीत गेले, एक मठात जाऊन बसला तो तिथेच संपला. उरले बर्टोल्ड आणि त्याची बहीण वाल्बुर्गा. बर्टोल्डला मूलबाळ नव्हते. एका मार्च महिन्यात छातीत कफ होऊन तोही गेला.

आमच्याकडची रीत अशी, की घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की ढाल उलटी करायची. कारभारी थडग्यापाशी उभा राहिला आणि तीनदा म्हणाला, "आज क्रेहेनाउ, आणि पुन्हा कधीच नाही." मग मला चर्चच्या भिंतीवर उलटे टांगले. पाखरे येऊ नयेत म्हणून शेतात मेलेला कावळा पाय वर करून टांगतात, तसा माझा कावळा दिसू लागला. वाल्बुर्गा थडग्याच्या कडेलाच उभी होती. तीही क्रेहेनाउच होती, पण लेकींना मोजायची रीत नव्हती.

मित्रांनो, भुते मी पाहिलेली नाहीत. पण जिवंत माणसाचे भूत कसे करतात, ते मी त्या भिंतीवरून पाहिले. पुरुष वारस नाही म्हणून घराण्याची गढी आणि जमीन ड्यूककडे परत गेली. वाल्बुर्गाला गिरणीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. लोक वाईट नव्हते. पावाच्या भट्टीवाली तर तिच्या हातात गरम पाव ठेवून तिलाच सांगायची, "क्रेहेनाउ फार मोठ्या मनाची माणसं होती हो, बाईसाहेब. एकही उरलं नाही बघा."

दर रविवारी पाद्री मेलेल्यांची नावे वाचत. शेवटी म्हणत, "आणि क्रेहेनाउ घराण्यातल्या सर्वांच्या आत्म्यांना शांती लाभो." सारे गाव मान झुकवायचे. वाल्बुर्गाही झुकवायची. सहा वर्षे ती स्वतःच्याच आत्म्याच्या शांतीसाठी हात जोडत होती. प्रार्थना संपली की ती हळूच आपले मनगट चाचपून नाडी लागते का ते पाही. ते पाहताना माझ्या लाकडात गारठा भरत असे.

सातव्या वर्षी एका शनिवारी दुपारी ती चर्चमध्ये आली. घंटा वाजवणारा म्हातारा उलरिख झाडलोट करत होता. तिने त्याला मला सरळ करायला सांगितले.

"बाईसाहेब, पाद्रीबाबा माझी साल काढतील," तो म्हणाला. "घराणं बुडालंय, हे सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग मी कोण, उलरिख?"

"तुम्ही वाल्बुर्गा बाईसाहेब."

"पुढं?"

उलरिख पुन्हा केरसुणी फिरवू लागला.

"शिडी तरी धर," ती म्हणाली. "पडले तर तुझ्यावर बालंट यायचं नाही. मेलेलं माणूस काय पुन्हा मरतं?"

तिचे गुडघे दुखत होते. एकेक पायरी थांबत थांबत ती वर आली आणि तिने दोन्ही हातांनी मला फिरवले. तिचे हात चांगले ऊन होते. मला तेव्हा रडता आले असते तर मी रडले असते.

दुसऱ्या दिवशी पाद्रींनी वर पाहिले आणि घसा खाकरला. तसे ते भले गृहस्थ, पण सवयीचे गुलाम. नेहमीसारखी यादी वाचत ते शेवटाला आले. "आणि क्रेहेनाउ घराण्यातल्या सर्वांच्या..."

"एक सोडून," तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

कुणी मागे वळून पाहिले नाही. पाद्रींनी हातातला कागद खाली घेतला. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि उरलेले वाक्य पुरे केले.

पुढे नऊ वर्षे 'सर्वांच्या' म्हटले की पाद्री थांबत. वाल्बुर्गा म्हणे, "एक सोडून." मग ते पुढे वाचत. दहाव्या वर्षी तिला पुरले आणि उलरिखने डोळे पुसत मला पुन्हा उलटे केले. त्या रविवारीही पाद्री त्या शब्दापाशी थांबले. सारे चर्च कान देऊन बसले. तिसरा बाक गप्प होता.

तेव्हापासून कितीतरी पाद्री आले आणि गेले. जुन्यांचे ऐकून नवे वाचतात, आणि तिथे का थांबायचे हे ठाऊक नसतानाही ते थांबतात.

मित्रांनो, मला पुसू नका, नवा रंगही देऊ नका. माझे आता काही अडत नाही. पण तुमच्या घरात, गावात कुणी मोजायचे राहून गेले असेल, तर ते माणूस समोर बसलेले आहे तोवरच त्याला पूर्ण नावाने हाक मारा.