उजवीकडे पळणारा चेनसॉ

फळीच्या टोकाशी गुडघे टेकून उल्पियानोने एक डोळा मिटला आणि शिवी हासडली. सकाळपासून बिघडलेली ही तिसरी फळी. या टोकाला तीन बोटं जाड, त्या टोकाला जेमतेम एक. जळक्या तेलात बुडवलेल्या दोरीने मारलेली रेघ सरळच होती. चेनसॉ मात्र निम्म्यावर आला की उजवीकडे पळायचा.

उद्या मिंगा होती, गावाच्या श्रमदानाचा दिवस. अख्खं गाव ओढ्यावर पूल बांधायला जमणार होतं. जुना पूल पुरात गेल्यापासून पोरं कमरेइतक्या पाण्यातून शाळेत जात होती. उल्पियानोने पंधरा फळ्या कबूल केल्या होत्या. धड अशा नऊच होत्या, आणि ऊन माथ्यावर आलं होतं.

तो उठला, बसला, वायुसाच्या पानांच्या चहाचा एक घोट घेतला, पुन्हा उठला. साखळी काढून तिच्याखालची लोखंडी पट्टी पुसली आणि डोळ्यासमोर धरून न्याहाळली. वाकलेली नव्हती. तरी तिच्या कडा घासल्या, पट्टी उलटी बसवली, साखळी ताणली. नवा काप हातभर सरळ गेला आणि परत उजवीकडे वळला.

तेवढ्यात थोरली बहीण सोराइदा घरी आंबवलेल्या चिचाचं भांडं घेऊन आली. गावाची प्रमुख तीच.

"काय रे, पूल बांधतोयस का घसरगुंडी?"

"लाकडातच पीळ आहे, ताई."

"आणि ज्यातून नऊ फळ्या काढल्यास, तो ओंडका काय दुसऱ्या देशातला होता?"

तिने मशीन बंद असल्याची खात्री करून घेतली आणि खाली बसली. लहानपणी बाप साखळीला धार लावायचा तेव्हा ती धरून बसायला हीच असायची. एकेका दातावर तिने नख फिरवलं.

"उजव्या बाजूचे रुततायत. डाव्या बाजूचे नुसते गुळगुळीत. धार असेल तिकडेच पळणार ना तो! घासतोस तरी कसा?"

"कसा म्हणजे? एक बाजू उजव्या हाताने, दुसरी डाव्या."

"डाव्याने घासून दाखव."

"नंतर."

"आत्ता."

त्याने कानस उचलली. दुसऱ्याच घासाला डावा खांदा आखडला आणि कानस दातावरून निसटली. मार्चमध्ये ओंडका घरंगळून त्याच खांद्यावर आला होता. आठवडाभरात बरा झालो, असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

"चार महिने झाले!" सोराइदाचा आवाज चढला. "बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मशीन काढून घेतलं असतंत तुम्ही."

"घेतलंच असतं, गाढवा! हात तुटायची वाट बघायची होती का?"

त्याच्या हातून कानस घेऊन तीच घासायला बसली. तो तिच्याभोवती येरझाऱ्या घालू लागला.

"पुढे जाताना दाब, ताई. मागे येताना उचल. कोन सोडू नकोस."

"तू आधी एका जागी बस."

गवताच्या काडीने मापून तिने दोन्ही बाजूंचे दात सारखे केले. मग चेनसॉ रेघेवरून असा गेला, की उल्पियानोला एकदाही मनगट वळवावं लागलं नाही. तीन फळ्या निघाल्या. चौथीला हातच उचलेना.

दुसऱ्या दिवशी सोराइदाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तीन फळ्या कमी आहेत. याचा खांदा गेलाय." उल्पियानोने मान वर केली नाही.

"मग बांबू फोडून लावू," म्हातारी अन्सेल्मा म्हणाली आणि कोयता घेऊन निघालीसुद्धा. चेनसॉ शेजारच्या वेन्सेस्लाओने उचलला. तो दुसऱ्याच्या हातात गुरगुरताना ऐकून उल्पियानो तीनदा काठावर गेला, तीनदा मागे आला. शेवटी पाण्यात उतरला आणि धड खांद्याने एक खांब रेटून धरला.

सोमवारी सोराइदा त्याला होडीत घालून टेना शहरातल्या दवाखान्याकडे निघाली.

"हलू नकोस, होडी उलटेल."

"हलतोय कुठे?" म्हणत तो पुन्हा कुशीवर वळला.