भिंतीकडेची हरळी

फरशीच्या फटीतलं तण पाण्याच्या जोरावर निघतं, असं पुष्कळांना वाटतं. निघतं ते वरचं. पंपाच्या माऱ्याने पानं उडतात, फटीतली वाळू उडते आणि मूळ जागच्या जागी राहतं. मग मोकळ्या झालेल्या फटीतून ते आणखी जोमाने वर येतं आणि गिऱ्हाईक रागावून फोन करतं. म्हणून आम्ही आधी तणनाशक मारतो, तण मुळापर्यंत सुकू देतो, मग खुरपून धुतो आणि शेवटी झाडूने फटींत नवी वाळू भरतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी सून शिवलीला. पंप तिच्याकडे, खुरपं माझ्याकडे.

बनशंकरीतल्या एका गल्लीत शेजारशेजारच्या दोन घरांचं काम आम्हाला मिळालं होतं. पहिलं घर नीलिमाताईंचं. त्या पुण्याच्या, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. घरात शाळेत जाणारी मुलगी वेदिका आणि वडील सूर्यकांतराव. फाटकापासून गाडी लावायच्या जागेपर्यंत राखाडी ठोकळ्यांची फरशी होती. फटींत चिकाची दुधी होती, घोळ होती, आणि भिंतीकडेने सगळी हरळी.

"अत्ते, हिचं मूळ पार शेजारच्या घरात गेलंय," शिवलीला खाली वाकून म्हणाली. आमच्याकडे सून सासूला कन्नडातल्यासारखं अत्तेच म्हणते.

"जाऊ दे. शेजारचं कामही आपलंच आहे."

सोमवारी दुपारी औषध मारलं. नीलिमाताईंना नीट सांगितलं, की यावर अनवाणी चालायचं नाही, कुत्रं सोडायचं नाही, मुलीला इथे खेळू द्यायचं नाही. बाई कामाची. त्यांनी लगेच छापील अक्षरांत इंग्रजी पाटी करून फाटकाला लावली. सूर्यकांतराव तेव्हा आत झोपले होते.

मंगळवारी सकाळी आम्ही शेजारी, हयवदन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे काम सुरू केलं. शिवलीला पायऱ्यांवरचं शेवाळ पंपाने काढत होती. फटींत औषध मारायच्या आधी मी मोठी झुडपं उपटत होते. उपटत उपटत दोन्ही घरांमधल्या बुटक्या भिंतीपाशी आले आणि सहज पलीकडे पाहिलं.

काल औषध मारलेल्या हरळीचे शेंडे नव्हते.

बकरीने खाल्लं असतं तर ओरबाडल्यासारखं दिसलं असतं. हे तसं नव्हतं. प्रत्येक काडी वरचं कोवळं टोक तेवढं घेऊन हलक्या हाताने खुडली होती. असं कोण खुडतं आणि कशाला, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्यात मंगळवार. त्याच वेळी नीलिमाताईंच्या घरातून पूजेची घंटा ऐकू आली.

"शिवलीला! पंप बंद कर!"

पंपाच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नाही. मी खुरपं तिथेच टाकलं आणि पलीकडच्या फाटकातून आत शिरले. दार वेदिकाने उघडलं.

"आई ऑफिसला गेली," ती म्हणाली.

"आबा कुठे आहेत?"

"पूजा करतायत."

"तू तीर्थ घेतलंस का?"

"अजून नाही. आता देतील."

माझे हात चिखलाने भरले होते. चप्पल दारात काढली आणि तशीच आत गेले. सूर्यकांतराव पाटावर डोळे मिटून काहीतरी म्हणत बसले होते. समोर पितळेचा गणपती. त्याच्या डोक्यावर ओल्या दूर्वांची जुडी. पंचपात्रातल्या पाण्यातही दूर्वा होत्या.

"अण्णा, थांबा. ते तीर्थ कुणाला देऊ नका."

त्यांनी डोळे न उघडता तळहात वर केला. मधे बोलू नका, असा त्याचा अर्थ. म्हणणं चालूच. वेदिकाला सवय होती. ती पुढे गेली आणि तिने ओंजळ धरली. ते पळी पाण्यात बुडवताहेत हे मी पाहिलं आणि पळी वर आली तेव्हा माझा हात तिच्या हातावर ठेवला. तीर्थ माझ्या चिखलावर पडलं.

त्यांनी डोळे उघडले. "अहो बाई! हे काय चाललंय?"

"तुम्ही घेतलं का हे पाणी?"

"मी शेवटी घेतो. सगळ्यांना दिल्यावर. पण तुम्ही…"

"नाही ना घेतलं? मग बरं. दूर्वा भिंतीजवळच्या ना? त्यांवर काल आम्ही विष मारलंय."

"तणावर मारलंय," ते म्हणाले. "पाटी वाचली मी. तणाला हातसुद्धा लावला नाही. ते चिकाचं रोपटं, ती घोळ, सगळं टाळून कडेने गेलो. दूर्वा तेवढ्या घेतल्या."

"अण्णा, दूर्वा म्हणजे हरळीच. फरशीत तिच्यासारखं दुसरं तण नाही. सगळ्यांत जास्त औषध तिच्यावरच मारलंय."

"दूर्वा म्हणजे तण?" त्यांनी गणपतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही बाई देवासमोर काय बोलते आहे, असं त्यांच्या तोंडावर होतं. मग एकदम ते वेदिकाकडे वळले. "हात धू. साबणाने. जा, पळ!"

ते स्वतःही उठले. तिघांनी हात धुतले. मी दोनदा धुतले. सूर्यकांतरावांनी नीलिमाताईंना फोन लावून झालेलं सांगितलं, तर त्या तिकडून ओरडल्याच.

"बाबा, मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"काय सांगितलंस? वीड किलर मारलंय म्हणालीस. दूर्वांवर मारलंय म्हणाली असतीस तर कळलं असतं."

"पण दूर्वा फुलवाला देतो ना?"

"फुलवाला! दोन वर्षं झाली, रोज सकाळी मी खाली वाकून काय करतो असं वाटतं तुला? योगासनं?"

मी फोन घेऊन सांगितलं की पोटात कुणाच्या काही गेलेलं नाही. त्या जरा शांत झाल्या. मग मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कुत्र्याचं बोललात, वेदिकाचं बोललात. बाबांचं का नाही बोललात?" देवाला दूर्वा मीही वाहते. पण काम करताना मला तिथे फक्त हरळी दिसली होती.

आता पंचपात्रातल्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न होता. मी मोरीकडे बोट दाखवलं.

"तीर्थ मोरीत? शक्य नाही."

"तुळशीला घालू?" वेदिका म्हणाली.

"नको!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

तेवढ्यात रबरी बूट घातलेली शिवलीला मला शोधत दारात आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जिथून आलं तिथं ओता की. हरळीवर. तिला अजून स्वल्प औषध मिळेल."

सूर्यकांतराव तिच्यावर रागावतील असं मला वाटलं. पण ते पंचपात्र आणि ती जुडी घेऊन बाहेर आले. भिंतीपाशी थांबून म्हणाले, "इथे कुणाचा पाय लागतो का?"

"तुमचाच," शिवलीला म्हणाली.

त्यांनी पाणी हळूहळू, कडेकडेने ओतलं. भांडी बाहेरच्या नळावर घासली. गणपतीला पुन्हा स्नान घालायचं होतं, पण दूर्वांवाचून त्यांचं मन लागेना. देवळाजवळ विकत मिळतात, असं मी म्हटलं.

"त्यांवर कुणी काय मारलंय ते कोण सांगणार?" ते म्हणाले. बरोबरच होतं. मग त्यांनी भिंतीवरून पलीकडे वाकून पाहिलं. "तिकडची हरळी कशी आहे?" हरळी हा शब्द त्यांनी जरा अवघडूनच उच्चारला.

"तिकडे अजून काही मारलेलं नाही. आता मारणारच होतो."

ते ताटली घेऊन शेजारच्या फाटकातून आले. हयवदन ओसरीवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी हात हलवूनच घ्या म्हटलं. फवारणीचा पंप भरून तयार होता, तो मी बाजूला ठेवला. सूर्यकांतराव गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि एकेक शेंडा खुडायला लागले.

"सावकाश घ्या, अण्णा," शिवलीला म्हणाली. "उद्याच्याही घेऊन ठेवा. उद्या इथे खुडण्यासारखं काही राहणार नाही."

"परवाच्याही घेतो," ते वर न बघता म्हणाले.

त्यांची ताटली भरेपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहिलो.